खाडीपलीकडचा खोटा निरोप

ग्लिसरीनला वास नसतो, असे मेकअपच्या खोलीत सगळेच सांगतात. माझ्या ग्लिसरीनला मात्र सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. कारण साधे आहे. भाऊच्या धक्क्यावर लाँचमधून उतरताना माझ्या खांद्याला एकच कापडी पिशवी असते. तिच्या एका कप्प्यात संवादांचे कागद, कंगवा, पिना आणि ग्लिसरीनची चपटी बाटली. दुसऱ्या कप्प्यात आईने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेले सुके बोंबील. वासाला कप्पे कळत नाहीत. तो खारट, उन्हाने तापलेला, शेवटी किंचित गोडसर होणारा वास बाटलीच्या बुचात शिरतो, तिथून माझ्या रुमालात उतरतो, आणि चित्रीकरणाच्या थंडगार दिवाणखान्यात मी डोळ्यांना रुमाल लावून हुंदका दिला की शेजारी उभी असलेली कोट्यधीश सासू नाक मुरडते. दिग्दर्शकाला तो तिचा अभिनय वाटतो.

मी चरित्र अभिनेत्री आहे. शब्द भारदस्त आहे. अर्थ एवढाच की गोष्ट दुसऱ्याची असते आणि दार उघडायला मी जाते. रंगमंचावर आणि पडद्यावर मी शेजारीण झाले, नर्स झाले, विधवा आत्या झाले, पण माझी खरी ओळख वेगळीच ठरली. मी वाईट बातमी आणणारी बाई आहे. कॉलेजात कविता शिकले, मोठ्याने म्हणायला शिकले. ओळीत कुठे थांबायचे, कुठली मात्रा रिकामी सोडायची, हे अंगात मुरले. पहिल्याच नाटकाच्या दिग्दर्शकाने माझा आवाज ऐकून मान डोलावली आणि म्हणाला, “बाई, तुमचा आवाज अगदी अशुभ आहे. छान.” तेव्हापासून तिसऱ्या अंकात धापा टाकत प्रवेश करायचा, कोणी तरी गेल्याचे सांगायचे आणि विंगेत जाऊन वडा खायचा, असा माझा संसार चालला आहे. मालिकांमध्ये तर वडाही लवकर मिळतो. माझे वाक्य झाले की कॅमेरा ऐकणारीच्या चेहऱ्यावर तीनदा झेपावतो, आणि ते झेपावणे वेगळे चित्रित होते. तोवर मी डबा उघडलेला असतो. एवढी माणसे मी पोचवली, पण बातमी ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो, हे मी कधी धड पाहिलेच नव्हते.

त्या वर्षी थंडी सरताना लेखकांनी माझ्या पात्राला चारधाम यात्रेला पाठवले, म्हणून मी रेवसजवळच्या आमच्या कोळीवाड्यात घरी आले होते. सकाळचे ऊन होते. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील जोडीजोडीने लटकत होते; वाऱ्याने ते हलले की ओल्या कापडाने कोणी टाळ्या वाजवाव्यात तसा आवाज येई. आई काठी घेऊन कावळ्यांवर पहारा देत बसली होती आणि मी पडवीत यात्रेहून परतल्यानंतरचे संवाद घोकत होते. एकाएकी पंखांची फडफड झाली आणि आई ओरडली.

“शिवला,” ती डोक्यावर हात ठेवून म्हणाली. “डोक्याला शिवला गो.”

“आई, तो बोंबील न्यायला आला होता.”

“बोंबलाला आयला तर बोंबील न्हेल. माज्या डोक्यावं काय बोंबील वाळत घातलाय?”



आमच्याकडे कावळा डोक्याला शिवणे म्हणजे मरणाने येऊन घर पाहून जाणे. त्यावर उताराही ठरलेला आहे. ज्याला कावळा शिवला, तो मेल्याचा खोटा निरोप रक्ताच्या माणसाकडे धाडायचा. त्या माणसाने तो खरा मानून रडले पाहिजे. रडे झाले की मरणाला वाटते, इथले काम उरकले, आणि ते पुढच्या घरी जाते. मग दुसरा निरोप धाडून खरे काय ते सांगायचे. लहानपणी मला हे सगळे फार आवडायचे. मरणासारखी मोठी असामी इतकी गबाळी, की दोन आसवांवर फसते!

पण आईला ते गमतीचे नव्हते. मी तिला वादळात न परतलेल्या बोटीची वाट पाहताना पाहिलेले आहे; तिचा चेहरा तेव्हा दगडी असतो. कावळ्याने मात्र तिला हलवले. तिने कपाटाची चावी माझ्या हातात दिली. नवे तांब्याचे घमेले शेजारणीला देऊन टाकले आणि वर “आठवन ठेव” असेही सांगितले. दुपारी ताटावर बसली आणि भात नुसता कालवून उठली. संध्याकाळी तिने अंबाडा तीनदा बांधला आणि तीनदा सोडला, तेव्हा मी थट्टा थांबवली.

“निरोप कोणाकडे धाडायचा?” मी विचारले.

ती वलांडीवरचे बोंबील उलटू लागली. “तुज्याबिगर रक्ताचं कोन उरलंय? तीच येक.”

ती म्हणजे मावशी. खाडीच्या पलीकडे, उरणच्या बाजूला, करंजाला दिलेली आईची धाकटी बहीण. रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले तर तिच्या गावचा डोंगर समोर दिसतो. होडी सुटली की पान जुळवून तोंडात टाकेपर्यंत पोचते. आणि तरीही दोघी बहिणी कित्येक वर्षे एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. कारण मीच. मी नाटकात गेले तेव्हा मावशी एका हळदीच्या मांडवात सगळ्या बायकांसमोर म्हणाली होती, “पोरगी तोंड रंगवून फिरते, आता तिचं नाव चारचौघींत कसं घ्यायचं?” आई ताटावरून उठली आणि म्हणाली, “मंग माजं बी घेऊ नको.” दोघींनीही हा शब्द पाळला. आमच्या घराण्यात शब्द पाळण्याची खोड आहे.

“फोन करू?” मी म्हणाले.

“फोनवं रडलेली कोन बगनार? नि तू कशाला हायस? आख्खा जल्म दुसऱ्यांची मेलेली मानसं पोचवलीस. येक आपली पोचव.”

अशा रीतीने माझ्या कारकिर्दीतली सर्वांत कठीण भूमिका मला घरातच मिळाली.

सकाळी आई मला सोडायला धक्क्यावर आली. भरती होती, पाणी पायऱ्या चाटत होते, डिझेलचा आणि ओल्या दोरखंडाचा वास एकमेकांत मिसळला होता. तिने बोंबलांचे नवे पुडके माझ्या पिशवीत कोंबले. सवयीने कोंबले, मेलेली बाई वाणवळा पाठवत नाही, हे तिच्याही लक्षात आले नाही आणि माझ्याही. मी होडीत पाय ठेवला तेव्हा तिने माझे मनगट धरले.

“रडली न्हाय तर?” ती म्हणाली.

मला तेव्हा उमगले की आईला मरणाचे भय होतेच. पण त्याहून मोठे भय खाडीपलीकडे होते.

“रडेल की.”

“न्हाय रडली तर मना सांग, रडली म्हनून.” मग लगेच, “नको. खरं सांग.”

होडी सुटली. मी बाकावर बसून उजळणी करू लागले. ‘आई’ या शब्दानंतर एक मात्रा मोकळी, ‘गेली’वर आवाज खाली. समोर टोपली घेऊन बसलेल्या एका बाईने मला बराच वेळ न्याहाळले आणि तिचा चेहरा उजळला.

“तुमी त्या सिरियलमदल्या ना? वाईट बातम्या आनता त्या?”

मी नम्रपणे मान हलवली.

“आज कोन गेलं?”

होडीभर हशा पिकला. मीही हसले. ओठांवर आईचे मरण होते, तरी हसले. व्यवसायाची शिस्त!

मावशीच्या घरासमोर तिच्या मुलाच्या कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरचे नुसते डोके उभे होते, गोठ्यातून सुटलेल्या बैलासारखे, दाराकडे तोंड करून. मावशी ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. आत टीव्ही आवाज बंद करून चालू होता. मी चपला काढल्या, उंबऱ्याशी थांबले आणि चौकटीला हात टेकला. हे हात टेकणे माझे खास आहे; नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

“मावशी,” मी म्हणाले. “आई… गेली.”

मावशीने एका कोलंबीचे डोके मुरगळून बाजूला टाकले.

“कंच्या सिरियलमदी?”

“मावशी, खरंच गेली. पहाटे.”

“बस. पानी पी.” तिने माझ्या पायांकडे बोट दाखवले. “चपला बग कशा जोडीनं लावल्यास. देवलात आयलीस जशी. मरान सांगाया आयलेली बाय चपला लावत बसते व्हय? त्या डागदरनीच्या गोष्टीत बी तू आसंच केलंस. धावत आयलीस, नि पदर इस्त्रीचा!”

“तू बघतेस ते?”

“मी कशाला बगू? चालू आसते, तवा दिसते.” आणि मग एका दमात तिने सुरू केले. शिमग्याला मी त्या जमीनदाराचा थोरला कसा मारला, पावसाळ्यात त्या गोऱ्या बाईचा नवरा कसा बुडवला, गणपतीत तर हसत्या घरात शिरून नणंदेचा अपघात कसा सांगितला. “नवरा बुडवलास तवा बरं केलंस. आवाज फुटला होता. थोरल्याच्या येळंला नुसतं ओरडलीस.”

 जिने चारचौघींत माझे नाव घ्यायचे नाकारले होते, ती एकटीने माझे प्रत्येक मरण पाहत आली होती, आणि तेही कसून. खोटे कशाला बोलू, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की आई गेली आहे हेच मी विसरले. त्या थोरल्याच्या प्रसंगात दिग्दर्शकानेच ओरडायला सांगितले होते, असे मी समजावूनही सांगू लागले. मग भानावर आले आणि घाईघाईने पिशवीतून ग्लिसरीनचा रुमाल काढून डोळ्यांना लावला.

“ते बगू काय हाय,” मावशी म्हणाली आणि कोलंबीच्या हातानेच रुमाल ओढून घेतला. “कांदा चोळून आनलास का मलम?” तिने तो नाकाशी नेला.

आणि थांबली.

ओट्यावरचा पंखा कुरकुरत फिरत होता. ट्रेलरच्या टपावर एक चिमणी चोच घासत होती. मावशीने रुमाल पुन्हा नाकाशी नेला, या वेळी हळूच, तान्ह्या मुलाची टाळू हुंगावी तसा.

“ह्यो बायच्या बोंबलाचा वास,” ती म्हणाली. आईला ती लहानपणापासून बाय म्हणायची. “आमी दोगी टांगायचो. मी खाली दोरी धरायची, ती वर. केसांना वास यायचा, सालंत पोरी लांब बसायच्या.” मग माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पुडक्याकडे बघत, “हे कवा दिलं तिनं?”

“आज,” असे म्हणणार होते; मृत्यूची वेळ आठवली. “काल.”

“हातानं बांदून?”

“हातानं.”

एवढे एकच उत्तर त्या दिवशी मी पाठ न करता दिले. मावशीने रुमाल डोळ्यांना लावला. ग्लिसरीनने आपले काम चोख केले. दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. हा धंदा मला ठाऊक असल्याने मी सावधपणे पाहत होते, कारण घरी जाऊन खरे सांगायचे होते. ग्लिसरीनचे रडे डोळ्यांपुरते असते. ते गालांवरून नीट उतरते, प्रकाशात चमकते आणि थांबते. त्याला हनुवटी हलवता येत नाही. मावशीची हनुवटी हलली. मग ओठ वाकडे झाले, मग खांदे गेले, मग मांडीवरची कोलंबीची परात लवंडली आणि तिच्या तोंडून एक असा आवाज निघाला, जो मी आजवर कुठल्याच प्रयोगात काढलेला नाही. बातमी ऐकणाऱ्याचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते. समोरून, कॅमेऱ्याची कापाकापी न होता. माझ्याही डोळ्यांना पाणी आले, आणि रुमाल तर तिच्याकडे होता.

काम फत्ते झाले होते. मी तिचे हात धरले आणि सगळे सांगून टाकले: कावळा, उतारा, तांब्याचे घमेले. “मावशी, आई आहे. धडधाकट आहे. हे सगळं कावळ्यासाठी.”

तिने मान हलवली. “मना पोरासारखी समजावू नको. आदी बोललीस गेली. मी रडाया लागली तवा बोलतेस हाय.”

“अगं, देवाशपथ!”

“आता खोटं बोलतेस ते लगेच कलतं. मंगाशी खरं बोलत होतीस.”

इतक्या वर्षांत माझ्या अभिनयावर कोणी एवढा विश्वास ठेवला नव्हता, आणि आता तो काही केल्या परत मिळेना. मी आईला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मावशीने माझ्याकडे असे पाहिले, की मी तिसऱ्यांदा लावला. तिने हात धुतले, टीव्ही बंद केला, पदर डोक्यावर घेतला आणि चालू लागली.

परतीच्या होडीत ती मघाचीच बाई होती. बाजार उरकून निघाली होती. मावशीचा आक्रोश ऐकून तिने माझ्याकडे पाहिले. “खरंच कोन गेलं?”

“कोणी नाही,” मी म्हणाले.

“माजी बाय गेली!” मावशी म्हणाली.

बायकांनी सरकून मावशीला जागा करून दिली. कोणी पाणी पुढे केले. मी परोपरीने सांगत होते की अहो, ती जिवंत आहे, घरी आहे. टोपलीवाली बाई शेजारणीच्या कानाशी लागून कुजबुजली, “बिचारीच्या मनाला लागलंय.” ते माझ्याविषयी होते.

घराच्या पडवीत आई चटईवर पडली होती. चादर हनुवटीपर्यंत, हात छातीवर, डोळे मिटलेले. फोन उशीखाली दडपलेला. नंतर तिने स्पष्टीकरण दिले की मरणाला फसवायचे तर मेल्यासारखे दिसायला नको का, आणि मेलेले माणूस फोन उचलते का? व्यावसायिक नजरेने सांगते, काम उत्तम होते. श्वास इतका बारीक ठेवला होता की मीही तिच्या नाकाशी बोट धरायला वाकले. मग मला चादरीखाली डाव्या पायाचा अंगठा हलताना दिसला.

मावशीला दिसला नाही. ती आईच्या पायांवर कोसळली.

“बाय गो! येक शबुद बोलली मी, नि तू आख्खं तोंड फिरवलंस! येनार होती गो मी. दर सालाला नारली पुनवंला बोलायची, आवंदा जाते, आवंदा जाते. पोरीचं काम रोज बगते गो तुजी. सुनंला बोलते, गप बसा, माजी भाची आयली. कुनाला सांगू आता? तुलाच सांगायचं होतं.”

“आई, ऊठ आता,” मी म्हणाले.

आई उठली नाही. तिच्या मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघून कानाकडे चालला होता, तरी उठली नाही. मी तिला दोष देत नाही. मीही उठले नसते. आपल्याविषयीचे एवढे मोठे स्वगत ऐकायला कोणाला मिळते?

आणि अंगणात वलांडीवर कावळा ओरडला.

“हाड्! हाड् मेल्या, परत आयलास!” आई चादर भिरकावून ताडकन उठली आणि हाताला लागली ती चप्पल तिने अंगणात फेकली. कावळा बोंबील घेऊन उडाला. मावशी किंचाळून मागे बसली. तिने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग हातातल्या रुमालाकडे. आणि त्याच रुमालाने तिने आपल्या थोरल्या बहिणीला जे झोडपायला सुरुवात केली, ते दोघींनाही हसू अनावर होईपर्यंत थांबली नाही. पडवीभर बोंबलाचा वास दरवळला.

दुपारी आईने भाकऱ्या थापल्या आणि स्वतः पोटभर जेवली. मी ताटावर बसून ते पाहत होते. बोंबील निखाऱ्यावर चुरचुरत होते, आणि दोघी बहिणी इतक्या वर्षांचे साचलेले एकदम बोलत होत्या, त्यामुळे कोणीच कोणाचे ऐकत नव्हते.

“पयल्या हाकंला रडली का गो?” आईने मध्येच मला विचारले.

“न्हाय,” मावशीच म्हणाली. “पयलं काम बेकार झालं तिचं. चपला जोडीनं लावल्या. मागनं जमलं.”

“मी आसती तर पयल्यालाच रडली आसती,” आई फणकारली.

“तू तर मेलेलीस!”

शेवटच्या होडीला मी मावशीला पोचवायला गेले. ओहोटी लागली होती. खालच्या पायऱ्या उघड्या पडून शेवाळाने चमकत होत्या, आणि खाजणाकडून चिखलाचा थंड, लोखंडासारखा वास येत होता. मावशीच्या काखेत बोंबलांचे पुडके होते. माझा रुमाल तिने परत दिला नव्हता आणि मी मागितला नव्हता. तिला हात देऊन होडीत उतरवताना मी थट्टेनेच म्हणाले, “मावशी, आता माझी अडचण झाली बघ. उद्या खरा निरोप द्यायची वेळ आली, तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी धाडावं लागेल.”

तिने पदर कानांमागे खोचला, पुडके मांडीवर नीट ठेवले. इंजिन खोकत खोकत सुरू झाले, दोर सुटला, होडी धक्क्यापासून हातभर सरकली. मला वाटले, तिला ऐकू गेले नसावे. मग तिने मान वर केली, हसत नव्हती, रडतही नव्हती, आणि इंजिनाच्या त्या फटफटाटातूनही मला स्पष्ट ऐकू येईल असे म्हणाली, “तूच ये.”